पहिलं गिऱ्हाईक कोण होणार?

(महाविद्यालयांतल्या उद्योजकता कक्षांच्या समन्वयकांपुढे कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो,

तुम्ही सगळे वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांची व्यवसाय-स्पर्धा घेता. नावं निरनिराळी असतात, पण मांडणी सगळीकडे एकच. फॉर्म, दहा स्लाइड, पाच मिनिटं, समोर तीन परीक्षक आणि शेवटी पुठ्ठ्याचा भला मोठा चेक धरून फोटो. ही मांडणी अमेरिकेतल्या विद्यापीठांतून आली. ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात 1984 मध्ये एमबीएच्या मुलांची स्पर्धा सुरू झाली, एमआयटीची 1990 मध्ये. तिथे बक्षिसाच्या रकमेपेक्षा समोर बसलेला प्रेक्षक मोलाचा होता. गुंतवणूकदार, जुने विद्यार्थी, कुणाचे काका, कुणाच्या वडिलांचे भागीदार. मुलगा हरला तरी बाहेर पडताना चार व्हिजिटिंग कार्डं खिशात पडायची. आपण मांडणी उचलली, तो प्रेक्षक काही उचलून आणता आला नाही. ज्याच्या घरात आजवर कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसलेलं नाही, अशा मुलाला आपण प्रमाणपत्र देतो आणि एसटी स्टँडवर सोडतो.

आज मला बोलायचंय ते याच मुलांबद्दल. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतली, अल्पसंख्याक मुलं, आणि या सगळ्यांतल्या मुली.

दरी किती आहे, त्याचा एकच आकडा सांगतो. आर्थिक गणनेच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात 2005 साली देशातल्या उद्योग-व्यवसायांपैकी 9.8 टक्के अनुसूचित जातींच्या मालकीचे निघाले. लोकसंख्येत त्यांचा वाटा तेव्हा 16 टक्क्यांच्या वर होता. आणि यात रस्त्याकडेचा एकट्याचा धंदाही धरलेला आहे, बरं का. चार माणसं कामाला असलेले व्यवसाय तेवढेच मोजले, तर चित्र आणखी पडेल. याच सुमारास, 2005 मध्येच, पुण्यात मिलिंद कांबळे यांनी ‘डिक्की’ म्हणजे दलित उद्योजकांची चेंबर स्थापन केली. त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं होतं की नोकरी मागणाऱ्यांनी नोकरी देणारं व्हावं. घोषणा चांगली आहे. पण नोकरी देणारा होण्यासाठी आधी कुणीतरी तुमच्याकडून काहीतरी विकत घ्यावं लागतं.

आता तुमच्या जाहिरातीत ‘स्पर्धा सर्वांसाठी खुली’ असं लिहिलेलं असतं. खुली म्हणजे दार उघडं, एवढंच. पीपीटी इंग्रजीत हवी, प्राथमिक फेरी सकाळी नऊला जिल्ह्याच्या गावी, टीम चार जणांची, प्रवेश फी टीममागे पाचशे. यातल्या एकाही अटीत जात नाही, आणि तरी चाळण लागते. जो मुलगा दुपारी कॉलेज करून रात्री पंपावर ड्युटी करतो, त्याच्याकडे वेळ नावाचं भांडवलच नसतं.

चाळणीतून खाली उतरलेल्यांचं पुढे परीक्षकांसमोर काय होतं? 2014 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या स्पर्धांच्या नोंदी पाहिल्या, आणि शिवाय एक प्रयोग केला. धंद्याची तीच योजना, तेच चित्रीकरण, तोच मजकूर, फक्त निवेदन एकदा पुरुषाच्या आवाजात आणि एकदा बाईच्या. शंभरातल्या 68 जणांनी पैसे पुरुषाच्या आवाजाला दिले. आपल्याकडे आडनाव, इंग्रजीचा लहेजा, अंगातला शर्ट यांवर तसाच प्रयोग केला तर काय निघेल, याचा अंदाज तुमचा तुम्ही करा. मी परीक्षक म्हणून बऱ्याच ठिकाणी बसतो. ‘कॉन्फिडन्स’ या रकान्यात दहापैकी गुण देताना आपण नक्की काय मोजतो, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि मोजून उपयोग होतो का, हाही प्रश्न आहेच. इथे मी जरा थांबणार आहे, कारण नायजेरियाचं उदाहरण आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

2011 मध्ये तिथल्या सरकारने तरुणांसाठी ‘यूविन’ नावाची व्यवसाय-स्पर्धा काढली. जवळजवळ 24,000 अर्ज आले. त्यांतल्या सुमारे 6,000 जणांना चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं, मग सविस्तर योजना मागवल्या आणि शेवटी 1,200 विजेते ठरवले. बक्षीस सरासरी 50,000 डॉलरचं, म्हणजे आपल्या पुठ्ठ्याच्या चेकची गोष्टच नाही. वैशिष्ट्य असं, की सर्वाधिक गुणांचे काही विजेते थेट निवडले आणि उरलेले सातशेहून जास्त उपांत्य फेरीतल्या मुलांतून चक्क चिठ्ठ्या टाकून काढले. त्यामुळे डेव्हिड मॅकेन्झी या अर्थशास्त्रज्ञाला नेमकी तुलना करता आली. सारख्याच योग्यतेचे दोन तरुण, एकाला पैसे मिळाले, दुसऱ्याला नाहीत. तीन वर्षांनी पाहिलं, तर नव्याने धंदा काढणाऱ्यांत, तो चालू असण्याचं प्रमाण विजेत्यांमध्ये 37 टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभरामागे 37 ने, जास्त होतं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला ठेवण्यातही विजेते कितीतरी पुढे. आणि हा फरक मुख्यतः प्रशिक्षणाने किंवा ओळखीपाळखीने पडला नव्हता, तो हातात आलेल्या भांडवलाने पडला होता. पैसे एकदम दिले नव्हते. चार हप्त्यांत, ठरलेले टप्पे गाठले तसे दिले.

पुढे मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासली. परीक्षकांनी ज्या योजनांना जास्त गुण दिले, ते विजेते तीन वर्षांनी जास्त चालले का? नाही. गुण आणि विक्री, गुण आणि नफा, गुण आणि टिकून राहणं, कशाचाच मेळ बसला नाही. संगणकाला शिकवून अंदाज करायला लावले, त्यालाही फारसं जमलं नाही. मग आपण तीन परीक्षक जेवणाच्या सुट्टीत 71 आणि 73 गुणांवरून जी हुज्जत घालतो, ती कशासाठी?

याचा अर्थ स्पर्धाच घेऊ नका असा कुणी काढू नये. स्पर्धेमुळे मुलं पुढे येतात, हिशेब मांडायला शिकतात, तारखेला काम पुरं करतात. पण स्पर्धेचा कस निवडीत नाही, निवडीनंतर आपण काय देतो त्यात आहे.

एका स्पर्धेत कोल्हापुरी चपलांच्या कामातल्या घरचा मुलगा आला होता. त्याने मांडलेली अडचण अगदी साधी होती. दोन घरांत बनलेला आठ नंबर सारखा नसतो, म्हणून ऑनलाइन विकलेले जोड परत येतात, आणि परतीचा भुर्दंड कारागिराच्या माथी. त्याला पंचवीस घरांना एकाच मापाचे साचे द्यायचे होते, कातडं एकत्र घ्यायचं होतं आणि विक्रीचा हिशेब मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा होता. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याला किती दिवस लागतात, पावसाळ्यात काम का बसतं, उधारीवर कातडं देणारा भाव कसा पाडतो, सगळं तोंडपाठ. माझ्या शेजारच्या परीक्षकाने विचारलं, ‘यात इनोव्हेशन काय?’ मुलगा गप्प झाला. नंबर आला नाही. पहिला नंबर ज्या ॲपला मिळाला, त्याबद्दल मी काही बोलत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल नाव न घेता झळकली म्हणून इथे केवढा गहजब झाला. इटलीवर रागावणं सोपं. आपल्याच मंचावर त्या घरातल्या पोराला आपण ‘इनोव्हेशन काय’ म्हणून परत पाठवतो.

त्या मुलाला काय हवं होतं? त्याने शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं, ‘200 जोडांची ऑर्डर’. गुंतवणूक मागितली नव्हती त्याने.

कोल्हापुरात हे बोलतोय, म्हणून गंगाराम कांबळे यांचं नाव घेतलंच पाहिजे. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असलेला माणूस. हौदातलं पाणी शिवलं म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना सांगितलं की नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल टाकलं. चहा उत्तम, स्वच्छता चोख, पण हॉटेल महाराचं. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः त्या रस्त्याने जाताना गाडी थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तोच चहा घ्यायला लावू लागले. राजा पितो म्हटल्यावर बाकीच्यांना पिणं भाग पडलं.

छत्रपतींना गंगारामांच्या हाती पैशांची थैली देता आली असती. सत्कार करता आला असता. त्यांनी चहा विकत घेतला, तोही चारचौघांत, आणि परत परत.

याच सुमारास परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाइकं गेली आणि व्यवसाय बंद पडला. कोलंबियाची पदवी होती, विषयावर हुकूमत होती. आजच्या रकान्यांत बसवलं असतं तर दहापैकी दहा. गिऱ्हाईक नव्हतं.

सरकारला हे अंशतः कळलेलं दिसतं. केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदी बंधनकारक आहे, त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून, 3 टक्के स्त्रियांच्या. 4 टक्क्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष खरेदी बरीच मागे राहिली आहे, पण नियम तरी आहे. आपल्या राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात 24 विजेत्यांना सन्मानचिन्हावर बोळवत नाहीत, कार्यादेश म्हणजे सरकारी कामाची ऑर्डर देतात. ही कल्पना मला फार आवडते. काही कर्जयोजना मात्र विद्यार्थ्याच्या मापाच्या नसतात. अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांसाठीची स्टँड-अप इंडिया 10 लाखांपासून सुरू व्हायची, आणि त्या चपलांच्या साच्यांना दोन लाख लागतात.

मग तुम्ही काय कराल? तुमचं महाविद्यालय हे लहानसं का होईना, गिऱ्हाईक आहे. कँटीन आहे, वसतिगृहाची मेस आहे, प्रयोगशाळेचे ॲप्रन, खेळाडूंचे टी-शर्ट, फायली, साफसफाईचं सामान, संमेलनाचा मंडप. ज्या कार्यक्रमात उद्योजकतेवर भाषणं होतात, त्याच कार्यक्रमाची स्मृतिचिन्हं कुठल्यातरी ठोक व्यापाऱ्याकडून येतात. आज मला दिलेलं कुठून आलं ते मी विचारणार नाही. पुढच्या स्पर्धेची जाहिरात अशी काढा, की आमच्या संस्थेला वर्षभरात या-या वस्तू आणि सेवा लागतात, यातलं काय तुम्ही पुरवाल ते सांगा. मराठीत सांगा. टीमची सक्ती नको, फी नको, बाहेरगावच्या मुलाला प्रवासखर्च आधी हातात द्या. किमान पात्रता ठरवा, आणि त्यापुढे शंका असेल तिथे खुशाल चिठ्ठ्या टाका. बक्षीस म्हणून खरेदीचा आदेश आणि थोडी उचल द्या, हप्त्यांत.

या मुलांसाठी स्वतंत्र स्पर्धा ठेवावी का, असं मला नेहमी विचारतात. नायजेरियाने ‘यूविन’ दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा ती फक्त स्त्रियांसाठी ठेवली होती. मला यात तत्त्वाची अडचण दिसत नाही. पण मुख्य सभागृहात एक स्पर्धा आणि मागच्या वर्गखोलीत ‘सामाजिक गटा’ची दुसरी, असलं काही करू नका. त्यापेक्षा ज्या वसत्यांतून, ज्या वसतिगृहांतून अर्ज येत नाहीत, तिथे फॉर्म घेऊन स्वतः जा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून संपवतो. संस्थांची बिलं सहा-सहा महिने अडकतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मोठा पुरवठादार ते सोसतो. ज्याने मावशीकडून उसने घेऊन माल भरलाय, तो पहिल्याच ऑर्डरला बुडतो. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. तेव्हा विजेत्याची ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, त्याच दिवशी सभागृहात करून घ्या. आणि पुढच्या वर्षी परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर माझ्याऐवजी तुमच्या लेखा विभागातल्या, बिलावर सही करणाऱ्या साहेबांना बसवा. पोरं काय विकतायत आणि पैसे कधी लागणार आहेत, हे साहेबांना पोरांच्याच तोंडून ऐकू द्या.