थंडीतली धूळ

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी 2022 मध्ये एका रविवारी मुंबई-पुण्याचं आकाश धुरकट झालं होतं, आठवतंय? ती धूळ पाकिस्तानातून अरबी समुद्र ओलांडून आली होती. धूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंटच येतं. पण आज मी सांगणार आहे ती धूळ बर्फाच्या प्रदेशातली आहे.

हिमनदी सरकताना खालचा खडक घासते. जात्यातून पीठ पडावं तशी खडकाची बारीक भुकटी निघते आणि वितळलेल्या पाण्याबरोबर वाहत येऊन पात्रात साचते. पाणी ओसरलं, गाळ सुकला, की वारा ती उचलतो. आइसलँडमध्ये अशी काळी, उघडी मैदानं वीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहेत. तिथली धूळ पार नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांपर्यंत जाते. जगातल्या एकूण धुळीपैकी सुमारे पाच टक्के धूळ थंड प्रदेशांतून येते असा अंदाज आहे.

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातली स्लिम्स नदी पाहा. कास्कावुल्श हिमनदी मागे हटत गेली आणि 2016 मध्ये तिच्या पाण्यानं वाटच बदलली. बेरिंग समुद्राकडे जाणारं पाणी अलास्काच्या आखाताकडे वळलं, तेही काही दिवसांत! स्लिम्सचं पात्र उघडं पडलं, आणि आता तिथून धुळीचे लोट उठतात. एका नदीचं असं होणं मला फार अस्वस्थ करतं.

पण ही धूळ नुसती उपद्रवी नाही. अलास्कातल्या कॉपर नदीच्या खोऱ्यात शरद ऋतूत पाणी आटतं, बर्फ अजून पडलेला नसतो आणि डोंगरांतून जोराचा वारा सुटतो. तेव्हा धूळ थेट समुद्रावर जाते. तिथल्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे वनस्पतींना लागणारं एक खत, भरपूर असतं, कमतरता असते ती लोहाची. धुळीतलं लोह मिळालं की सूक्ष्म वनस्पती वाढू शकतात, आणि त्यांच्यावरच माशांपर्यंतची सारी साखळी जगते.

बर्फावर मात्र तीच धूळ घातक ठरते. पातळ थर बसला तरी पांढरा बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो, लवकर वितळतो. थर जाड झाला तर उलट खालचा बर्फ झाकला जाऊन टिकतो.

हवामानाची जागतिक गणितं मांडताना ही थंड प्रदेशांतली धूळ बराच काळ जवळजवळ वगळलीच गेली. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण हिमनदी मागे हटते तिथे नव्यानं गाळाची जमीन उघडी पडते.

नमस्कार.