दोन ठिकाणांच्या मधला देश

(दृश्य : विमानाच्या खिडकीतून ढग. लगेच कट. खडीचा लांबच लांब रस्ता, त्यावर एकटा सायकलस्वार.)

आठ दिवसांच्या सहलीला निघणारा माणूस देश निवडताना स्थळं बघतो. एक धबधबा, एक राजवाडा, एक सरोवर. त्याचं बरोबरच आहे. पण जो दोन-तीन महिने एकाच देशात चालणार आहे, सायकल चालवणार आहे, बस आणि बोटी बदलत पुढे सरकणार आहे, त्याचे बहुतेक दिवस दोन स्थळांच्या मधे जातात. तो मधला पट्टा नीरस निघाला, तर टोकाचा धबधबा कितीही उंच असला तरी मन भरत नाही. म्हणून आज आपण असे देश पाहणार आहोत, जिथे वाटच सुंदर आहे.

सुरुवात चिलीपासून, आणि इथे आपण जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

(दृश्य : नकाशा. दक्षिण अमेरिकेची पश्चिम किनारपट्टी वरून खाली उलगडत जाते.)

उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, सरासरी रुंदी जेमतेम १८० किलोमीटर. एका हाताला अँडीज पर्वत, दुसऱ्या हाताला प्रशांत महासागर. या चिंचोळ्या देशात वरून खाली उतरत गेलं की वाळवंटातून निघालेला माणूस हिमनद्यांपाशी पोहोचतो, तेही जमिनीवरून, एकेक टप्पा करत.

उत्तर टोकाला अरिका शहर. इथे वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. किनाऱ्यालगतचा हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह खालची हवा गार ठेवतो, ती वर चढत नाही, आणि त्यामुळे पावसाचे ढग बनत नाहीत. पूर्वेकडून येणारं बाष्प अँडीजच्या भिंतीवर अडतं. दोन्ही बाजूंनी कोंडी झालेला हा प्रदेश म्हणजे आटाकामाचं वाळवंट.

पण त्याच थंड पाण्यावरून दाट धुकं किनाऱ्याकडे सरकतं. स्थानिक लोक त्याला ‘कामान्चाका’ म्हणतात. काही डोंगरउतारांवर दोन खांबांच्या मधे बारीक विणीची प्लास्टिकची जाळी ताणलेली दिसते. धुकं तिच्यातून जाताना धाग्यांवर बारीक थेंब धरतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि खालच्या पन्हळीत ओघळतात. पन्हळीतून पाणी टाकीत. पाऊस न पडणाऱ्या गावाने असं पाणी मिळवलेलं बघताना माणसाच्या चिकाटीबद्दल फार आदर वाटतो.

रात्री याच कोरड्या हवेचा दुसरा गुण कळतो. पारानाल डोंगराच्या माथ्यावर ८.२ मीटर व्यासाच्या आरशांच्या चार प्रचंड दुर्बिणी उभ्या आहेत, कारण इतकं स्वच्छ आकाश पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी मिळतं. दुर्बीण नसली तरी आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसतो.

मध्य चिलीत द्राक्षमळे आहेत, मोठी शहरं आहेत. हा भाग रात्रीच्या बसने ओलांडला तरी हरकत नाही, वेळ दक्षिणेसाठी राखून ठेवावा.

(दृश्य : फेरीबोटीच्या तोंडातून एकामागून एक बाहेर पडणारे ट्रक, पिकअप, सायकली. पाऊस.)

दक्षिणेतल्या पुएर्तो मोन्त या बंदरापासून कारेतेरा आउस्त्राल सुरू होतो. ‘दक्षिणेचा रस्ता’. लांबी सुमारे १,२४० किलोमीटर. १९७६ साली लष्करी राजवटीत याचं काम सुरू झालं आणि शेवटच्या व्हिया ओ’हिगिन्स या गावापर्यंत रस्ता पोहोचायला २००० साल उजाडलं. डोंगर, खाड्या आणि हिमनद्यांनी जागोजाग वाट अडवली होती. आजही हा रस्ता सलग नाही. मधेच तो समुद्रात उतरतो, तिथून फेरीबोट पकडायची आणि पलीकडे पुन्हा रस्ता धरायचा. फेरी चुकली तर पुढच्या फेरीची वाट बघायची. या रस्त्यावर घाई करणाऱ्याची फार ओढाताण होते.

वाटेत पुमालीनचं जंगल लागतं. तिथले अलेर्से वृक्ष पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. या जातीच्या एका झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजली, तेव्हा त्याचं वय ३,६०० वर्षांहून जास्त निघालं. अमेरिकी उद्योजक डग्लस टॉम्पकिन्स यांनी जंगल वाचवण्यासाठी इथल्या जमिनी विकत घेतल्या. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी क्रिस्टीन यांनी सुमारे दहा लाख एकर जमीन राष्ट्रीय उद्यानांसाठी चिली सरकारच्या हवाली केली. परदेशी माणूस एवढी जमीन घेतो म्हटल्यावर सुरुवातीला चिलीत बराच संशय होता. आज त्याच जमिनीतून पायवाटा जातात आणि त्या कुणालाही खुल्या आहेत.

व्हिया ओ’हिगिन्सला मोटारीचा रस्ता संपतो. पायी जाणारे आणि सायकलवाले मात्र तिथून सरोवरातून बोट घेतात, पलीकडे जंगलातल्या पायवाटेने सीमा ओलांडतात आणि अर्जेंटिनातल्या एल चाल्तेनकडे निघतात. चिखलात सायकल ढकलत नेणारी माणसं तिथे नेहमी दिसतात. दमलेली असतात, पण परत फिरत नाहीत.

(दृश्य : लाल वाळूच्या टेकडीची धार. पहाट.)

दुसरा देश नामिबिया. क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे ३० लाख. बहुतांश रस्ते खडीमातीचे. दोन पेट्रोल पंपांमधलं अंतर इतकं असतं, की पंप दिसला की टाकी भरून घ्यायची, हा इथला पहिला धडा. दुसरा धडा वेगाचा. खडीवर ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की चाकं जमिनीवरची पकड सोडू लागतात आणि वळणावर गाडी हातची जाते. तेव्हा सावकाश चला. सावकाश चालल्यानेच पिवळ्या गवताच्या माळावर स्तब्ध उभा असलेला ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी, दिसतो.

सोसुस्फ्लेईच्या वाळूचे डोंगर जगभर छायाचित्रांतून पोहोचलेले आहेत. त्यांची जन्मकथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ऑरेंज नदी ही वाळू दूर लेसोथोच्या बाजूच्या पर्वतांतून समुद्रापर्यंत वाहून आणते. समुद्राच्या लाटा आणि प्रवाह ती किनाऱ्याने उत्तरेला ढकलतात, मग वारा ती उचलून आत आणतो. कणांवरच्या लोहाला गंज चढतो आणि वाळू लाल होते. म्हणजे आपण ज्या टेकडीवर धापा टाकत चढतो, ती खंडाच्या दुसऱ्या बाजूच्या डोंगरांची माती आहे.

जवळच डेडफ्लेई नावाचा कोरडा, सपाट तळ आहे. एकेकाळी त्साउखाब नदीचं पाणी इथवर यायचं. टेकड्या सरकल्या, वाट बंद झाली आणि झाडं वाळली, सुमारे ६०० ते ७०० वर्षांपूर्वी. हवा इतकी कोरडी की ती कुजली नाहीत. पांढऱ्या मातीवर काळी खोडं अजून उभी आहेत.

(दृश्य : क्लोज-अप. टेकडीच्या धारेवर काळा किडा.)

पहाटे धुकं असेल तर टेकडीच्या माथ्यावर गुडघे टेकून बारकाईने बघा. नामिबच्या वाळवंटातला एक काळा किडा वाऱ्याकडे तोंड करून मागचं अंग वर उचलतो, डोकं खाली. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि घरंगळत थेट तोंडापर्यंत जातात. आटाकामातली जाळी आणि हा किडा एकच काम करतात, मधे अख्खा अटलांटिक महासागर आहे. इथेही किनाऱ्यालगत थंड प्रवाहच आहे, बेंग्वेला नावाचा.

(दृश्य : बंदराचा धक्का. घड्याळात मध्यरात्र, बाहेर लख्ख उजेड.)

नॉर्वेत वाट पाण्यातून जाते. १८९३ साली रिचर्ड विथ या कप्तानाने किनाऱ्याने उत्तरेकडे नियमित बोट सुरू केली. तोवर खडकाळ किनाऱ्यावरच्या त्या अंधाऱ्या पाण्यात हिवाळ्यात रात्री बोट हाकायला कुणी धजत नसे, उत्तरेतल्या गावांना पत्र पोहोचायला महिनेही लागायचे. ही सेवा आजही चालू आहे. बर्गन ते किर्केनेस, वाटेत ३४ बंदरं. जाऊन परत येईपर्यंत बारा दिवस लागतात. जाताना जी बंदरं रात्री लागतात, ती येताना दिवसा दिसतील असं वेळापत्रक बांधलेलं आहे.

या बोटीतून फक्त पर्यटक फिरत नाहीत, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. रात्री दोन वाजता बोट एखाद्या छोट्या धक्क्याला लागते. फळी टाकली जाते, फोर्कलिफ्टने खोकी उतरतात, पाठीवर दप्तर टाकलेली दोन-चार मुलं चढतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत दोर सुटतात. लोफोतेन बेटांवर हिवाळा सरताना लाकडी मांडवांवर कॉड मासा जोडी-जोडीने वाळत घातलेला असतो. मीठ लावत नाहीत. काम थंडी आणि वाराच करतात. आणि एवढ्या उत्तरेला असूनही ही बंदरं गोठत नाहीत, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्याने वर जातो. किर्केनेस तर इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे. नकाशावर रेघ ओढून पाहिल्याशिवाय पटत नाही.

आइसलँडचा उल्लेख न करता पुढे जाणं बरोबर नाही. देशाला प्रदक्षिणा घालणारा १,३२२ किलोमीटरचा रस्ता १९७४ साली पूर्ण झाला. १९९६ साली हिमनदीखालचा ज्वालामुखी जागा झाला, वितळलेल्या पाण्याचा लोंढा आला आणि मोठ्या पुलाचा एक भाग वाहून गेला. त्या पुलाच्या पिळवटलेल्या तुळया रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. दक्षिण किनारा आता फार गजबजलेला असतो. मुक्काम वाढवायचे तर पूर्वेकडच्या खाड्यांमधे वाढवावेत.

(दृश्य : खोल दरी, तळाशी नदी. दोन्ही काठांवर दोन देश.)

ताजिकिस्तानात पामीर महामार्ग आहे. ‘महामार्ग’ हा शब्द ऐकून रुंद रस्ता डोळ्यांसमोर आणू नका. राजधानी दुशान्बेहून खोरोग शहराकडे जाताना मैलोन्‌मैल पंज नदीची सोबत असते. नदीपलीकडे अफगाणिस्तान. तिकडची शेतं, गाढवं हाकणारी मुलं, छपरावर वाळत टाकलेले जर्दाळू, सगळं स्पष्ट दिसतं. हात केला तर पलीकडूनही हात होतो.

खोरोगनंतर चढ सुरू होतो. मुर्गाब गाव सुमारे ३,६०० मीटरवर, अकबैताल खिंड ४,६५५ मीटरवर. या उंचीवर झाड नाही. पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, त्यामुळे भात शिजता शिजत नाही. दर दिवशी थोडंच चढायचं आणि डोकं दुखू लागलं तर खाली उतरायचं, यात हयगय नको. खिंडीपलीकडे काराकुल सरोवर. उल्का आदळून झालेल्या विवरात ते साठलं आहे, आणि त्याचा निळा रंग दर तासाला बदलतो.

खालच्या खोऱ्यांत मुक्काम बहुधा घरगुतीच असतो. पामिरी घराची मोठी खोली पाच लाकडी खांबांवर उभी असते. छतात मधोमध चार चौकोन, एकात एक तिरपे बसवलेले, आणि सर्वांत आतल्या चौकोनातून उजेड खाली येतो. भोवताली ओटे. त्यांच्यावर गाद्या टाकून सगळे तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. पाहुण्याला आधी चहा येतो, चौकशी नंतर होते.

(दृश्य : लाकडी झोपडी, आत टेबलावर उघडी वही.)

शेवटचा देश न्यूझीलंड, आणि इथे पायी चालायचं. ‘ते आरारोआ’ ही वाट उत्तरेच्या केप रेइंगापासून दक्षिणेच्या ब्लफपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर जाते. पत्रकार जेफ चॅपल यांनी १९९४ साली या वाटेसाठी आवाज उठवला आणि २०११ साली ती खुली झाली. सुरुवातच लांबलचक समुद्रकिनाऱ्याने होते, वाळूवर तीन-चार दिवस. पुढे एका टप्प्यात ही पायवाट चक्क नदी होते. व्हांगानुई नदीतून होडी वल्हवत जायचं. २०१७ साली न्यूझीलंडच्या संसदेने या नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. तिच्या काठच्या माओरी समाजाने त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला होता. ‘मीच नदी, नदी म्हणजे मी’ असं ते लोक म्हणत आले आहेत. ती नदी वल्हवताना ही गोष्ट माहीत असावी.

डोंगरात सरकारी निसर्गसंवर्धन खात्याच्या ९०० हून अधिक झोपड्या आहेत. बाकं, फळ्यांची झोपायची जागा, पावसाच्या पाण्याची टाकी, आणि टेबलावर एक वही. आत आल्यावर नाव, तारीख, कुठून आलो आणि उद्या कुठे जाणार, हे तिच्यात लिहायचं. कुणी हरवलं तर शोधपथक आधी हीच वही उघडतं. लिहायचा कंटाळा कधीही करू नका. आणि राकाइया, रांगिताता या दोन नद्या पायी ओलांडायच्या भानगडीत पडू नका. वाटेच्या आयोजकांनीच त्या वगळल्या आहेत. तिथे गाडीने वळसा घालायचा.

(दृश्य : पुन्हा नकाशा. ऋतूंप्रमाणे देश एकेक उजळतात.)

आता ऋतूंचं गणित. नॉर्वे जूनमधे, उत्तरेत सूर्य मावळत नाही तेव्हा. पामीर जुलै ते सप्टेंबर, कारण एरवी खिंडीत बर्फ आणि भयंकर थंडी. नामिबिया मे ते ऑक्टोबर, कोरड्या हवेत. न्यूझीलंड आणि चिलीचं दक्षिण टोक, दोघांचाही हंगाम डिसेंबर ते मार्च, म्हणून एका वर्षात दोन्ही नीट होत नाहीत. निवडावंच लागतं. तंबू पाठीवर घेऊन महिनोन्‌महिने चालायची तयारी असेल तर न्यूझीलंड. बस, बोट आणि पाय यांवर भागवायचं असेल तर चिली, आणि तेही उत्तरेकडून. नोव्हेंबरात अरिकाहून निघालं, तर दक्षिणेतला उन्हाळा सुरू होतो त्याच सुमाराला पुएर्तो मोन्त येतं. पहिल्या फेरीबोटीचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा. जानेवारीत तिथे जागा मिळत नाही.