चार मित्र आणि एक भोपळा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी सकाळपासून पावसाची झड लागली होती. दार लावून घेतलं, चहाचा थर्मास जवळ ठेवला आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग लावला, ‘द रिटर्न ऑफ द किंग’. कितव्यांदा, ते विचारू नका. आमच्या आजीचं पोथीचं पारायण चालायचं, तसं माझं हे पारायण.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक अंगठी आहे, जगाला गुलाम करू शकेल अशी. ती जिथे घडली त्या ज्वालामुखीतच तिला टाकायचं आहे. आणि हे काम येऊन पडतं फ्रोडोवर. तो हॉबिट आहे. हॉबिट म्हणजे कमरेएवढ्या उंचीचे, शेतीभाती आणि खाण्यापिण्यात रमणारे साधे लोक. त्याच्या सोबतीला त्याचा माळी, सॅम.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दादाबरोबर, पुण्यात. त्या दिवशी रडू आलं ते रोहान नावाच्या राज्याच्या घोडदळाला पाहून. राजा थिओडेन आपल्या स्वारांच्या रांगेपुढून घोडा दौडवतो, त्यांच्या भाल्यांवर तलवार खणखणवत जातो, हॉवर्ड शोअरच्या संगीतात ते व्हायोलिनसारखं वाद्य वर चढतं, आणि सगळी फौज मरणाच्या दिशेनं उधळते. अंगावर काटा येतो. आजही येतो. पुढे कळलं की त्या दाढीवाल्या स्वारांमध्ये कितीतरी बायका होत्या, खोट्या दाढ्या लावलेल्या, न्यूझीलंडमधल्या घोडेस्वार बायका. मला त्याचा केवढा आनंद झाला होता! थिओडेन झालेले बर्नार्ड हिल मे २०२४ मध्ये गेले. परवा तो प्रसंग आला तेव्हा मी आपोआप उठून उभी राहिले.

मग सॅम. ज्वालामुखीच्या उतारावर फ्रोडो कोसळतो. सॅम त्याला घरची आठवण देतो, वसंताची, सायीबरोबर खाल्लेल्या स्ट्रॉबेरींची. फ्रोडोला आता अन्नाची चव आठवत नाही, पाण्याचा आवाज आठवत नाही. तेव्हा सॅम त्याला सरळ खांद्यावर घेतो. अंगठीचं ओझं त्याला घेता येत नाही, पण ते वाहणाऱ्याला तर उचलता येतं. इथे मी दरवेळी रडते, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

मला आज बोलायचंय ते शेवटाबद्दल. अंगठी नष्ट झाल्यावरही हा चित्रपट बराच वेळ चालू राहतो. एक शेवट, मग दुसरा, मग तिसरा. तेव्हा थिएटरात लोक उठायला लागले होते. आम्हीही उठलो, कारण शेवटची बस. ती सवय मला चिकटली. नंतर घरी पाहतानाही मी तेवढ्यात ताटल्या उचलायची, दिवे लावायची. अकरा नामांकनं आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटाचा शेवट मी इतकी वर्षं आवराआवर करता करता पाहिला.

परवा मात्र बसून राहिले. आणि एक छोटासा प्रसंग मला पहिल्यांदा दिसला.

चौघे हॉबिट गावी परततात. फ्रोडो, सॅम, मेरी, पिपिन. गावच्या पबमध्ये जातात. तिथे सगळ्या गावाचं लक्ष कशाकडे, तर एका भल्यामोठ्या भोपळ्याकडे. या चौघांनी जग वाचवलंय, हे तिथे कुणाच्या गावीही नाही. चौघे टेबलाशी बसतात, एकमेकांकडे बघतात, आपापले पेले उचलतात. कुणी काही बोलत नाही. बोलणार तरी काय?

हा प्रसंग मूळ कादंबरीत नाही. तिथे परतलेल्या हॉबिटांना आपलं गावच उद्ध्वस्त झालेलं दिसतं आणि ते पुन्हा सोडवावं लागतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सननं ते गाळलं. मला त्याची रुखरुख होती. आता कमी झाली आहे. कारण हा भोपळ्याचा प्रसंग पाहताना मला लेखक टोल्किन आठवला. बर्मिंगहॅमच्या शाळेत त्याचे तीन जिवलग मित्र होते. चौघे मिळून चहा प्यायचे, कविता वाचायचे, आपल्या टोळक्याला त्यांनी चहाच्या क्लबाचं नाव दिलं होतं. मग पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, रॉब गिल्सन गेला. त्याच डिसेंबरात जेफ्री स्मिथ गेला. टोल्किन स्वतः सोमला होता, खंदकातल्या तापानं आजारी पडून परतला म्हणून वाचला. त्या चौघांचं टेबल पुन्हा कधी भरलं नाही. पडद्यावर मात्र चौघेही बसलेले आहेत. मला हुंदका आवरेना.

आणि मामा आठवले. माझे मोठे मामा फौजेत होते. सुट्टीवर गावी यायचे, साताऱ्याकडे, तेव्हा अंगण माणसांनी भरायचं. बोलणं कशाचं, तर ऊस, पाणी, कांद्याचा भाव, कुणाची सोयरीक. मामा ओट्याच्या कडेला कपबशी घेऊन बसलेले असायचे. हसायचे मधूनमधून. आम्ही पोरं त्यांच्याकडे फक्त खाऊ मागायचो. तिकडे काय पाहिलंत, हे आम्ही कुणीच कधी विचारलं नाही.

शेवटी फ्रोडो जहाजातून निघून जातो. त्याची जुनी जखम कधी भरलीच नाही. सॅम घरी येतो, पोरीला उचलून घेतो, आत जातो. ते गोल पिवळं दार लागतं. मग नावं सुरू होतात, अ‍ॅनी लेनॉक्सचं गाणं लागतं. मी ते संपेपर्यंत अंधारातच बसले होते.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन लावला. “मामा, येत्या रविवारी येते. तुमच्याशी बोलायचंय.”

ते जरा थांबले. म्हणाले, “ये की. छत्री घेऊन ये, वाटेत चिखल हाय.”