आधी डावा हात

(दृश्य : कमाटीबाग, संग्रहालयातला चौकोनी दगड)

हा दगड १२०० किलोचा आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानानं तो उचलला, अशी नोंद दगडावरच कोरलेली आहे. बडोद्यात ताकदीचा विषय निघाला की बोट आधी इकडं वळतं. दगडाचं एक बरं असतं, त्याला काट्यावर चढवता येतं. शिवाय तो उलटून मारत नाही.

(दृश्य : दांडिया बाजार, संध्याकाळ)

दांडिया बाजार हा तालमींचा भाग. जुम्मादादा आणि माणिकराव या व्यायामगुरूंची परंपरा इथली. मराठीतला व्यायामाचा १० खंडांचा ज्ञानकोशही याच शहरात तयार झाला. तेव्हा कसरतींची प्रतवारी लावायची खोड या गावाला जुनीच. या पत्र्याच्या शेडमध्ये ती खोड फळ्यावर चढली आहे. फळ्यावर १ ते १० आकडे लिहिलेत. विषय, आजवरचे सर्वांत थोर हेवीवेट मुष्टियोद्धे. त्याखाली दोनच शब्द : आधी डावा.

(दृश्य : हाताला पट्टी बांधणारा मुलगा, जवळून)

पट्टी साडेचार मीटरची. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवर तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक, आणि उरलेली पुन्हा मनगटावर. बांधताना बोटं फाकलेलीच हवीत. मिटल्या बोटांवर बांधलेली पट्टी मूठ वळली की आवळते आणि दुसऱ्या फेरीत बोटं बधिर होतात. मनगटाचे वेढे ढिले राहिले, तर पहिल्याच तिरक्या ठोशाला मनगट मुरगळतं.

ठोसे मारायची ही बॅग चिंध्यांनी भरली आहे. नुसती वाळू ओतली तर ती हळूहळू खाली बसते, बुड दगडासारखं होतं आणि वरचा भाग पोकळ पडतो. वजन वाढवायचंच असेल तर वाळूच्या छोट्या थैल्या शिवून चिंध्यांच्या मधोमध घालायच्या.

(दृश्य : जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आधी बाजूनं, मग संथ गतीत)

आता डावा हात बघा. कोपर बाहेर फाकत नाही. मूठ शेवटच्या दोन-तीन इंचांत वळते. खांदा वर येऊन हनुवटी झाकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात ज्या उंचीवरून गेला त्याच उंचीवरून परत येतो. इथं शंभरातले नव्वद चुकतात, कारण मारण्यात मजा असते, परत आणण्यात नसते. हात परतताना कमरेकडं घसरला की समोरच्याच्या उजव्या हाताला वाट मोकळी. शेडमध्ये दिवसभर एकच हाक ऐकू येते : "डावा वर!"

हीच चूक अमेरिकेचा हेवीवेट मुष्टियोद्धा जो लुईची होती. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनं लुईच्या लढतींच्या फिती पाहून ती हेरली. जॅबनंतर लुईचा डावा खाली पडतो, आणि त्याच क्षणी वरून उजवा घालायचा. १९ जून १९३६, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. तोवर अपराजित असलेला लुई १२ व्या फेरीत बाद झाला. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला, त्याच मैदानात तोच श्मेलिंग २ मिनिटं ४ सेकंदांत संपला. मधल्या काळात लुई जगज्जेता झाला होता, आणि पुढं १९४९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यानं किताब २५ वेळा राखला. एका चुकीच्या दुरुस्तीचा एवढा परतावा मुष्टियुद्धात दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

त्या लढतींची फीत दाखवायचे हक्क या माहितीपटाकडे नाहीत. म्हणून लुईच्या जागी दांडिया बाजारातला हा पोरगा. चूक मात्र हुबेहूब तीच.

(दृश्य : रेघा मारलेली वही)

क्रमवारी फळ्यावर जाण्याआधी वहीत तयार होते. एका माणसाला एक पान. रकाने पाच : सर्वांत कठीण पाच प्रतिस्पर्धी, लढतीच्या दिवशी त्यांचं वय, दोघांचं वजन, लढत किती फेऱ्या चालली, आणि मार बसल्यावर गड्यानं काय केलं. फीत तीनदा बघायची. पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा फक्त पुढचा हात, तिसऱ्यांदा फक्त प्रतिस्पर्धी. आवाज तिन्ही वेळा बंद, कारण समालोचक ज्याचं कौतुक करतो त्याचेच ठोसे आपल्याला बसलेले दिसतात.

मूकपटाच्या काळातल्या फितींचा वेगळाच घोटाळा. कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चित्रं पडायची. तीच फीत २४ च्या गतीनं चालली की जॅक जॉन्सन बाहुल्यासारखा उड्या मारतो आणि पोरं हसतात. वेग दोन तृतीयांशावर आणला की खरा जॉन्सन दिसतो. येणारा ठोसा तो हवेतच तळव्यानं अडवतो, जवळ आलेल्याचे दंड धरून ठेवतो आणि घाई कसलीच करत नाही. १९०८ च्या डिसेंबरात सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. फळ्यावर सहावा.

वयाचा रकाना फार नावं खाली ओढतो. लॅरी होम्सनं १९८० मध्ये मुहम्मद अलीला हरवलं, तेव्हा अली ३८ चा होता. माइक टायसननं १९८८ मध्ये होम्सला चौथ्या फेरीत झोपवलं, तेव्हा होम्सही ३८ चा. वहीत दोन्ही विजयांपुढं शून्य. रॉकी मार्सियानोनं १९५२ मध्ये ज्याच्याकडून किताब घेतला तो जर्सी जो वॉलकॉटसुद्धा ३८ चाच, पण तो त्या रात्री गादीवर बसलेला विजेता होता, आणि १३ व्या फेरीपर्यंत गुणांवर पुढंही होता. म्हणून तिथं शून्य नाही. मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकला, हे खरं. वजन मात्र जेमतेम ८४ किलो. आज त्याला ९०.७ किलोखालच्या क्रूझरवेट गटात उभं केलं असतं. सातवा.

(दृश्य : फळा, खडूची तीन नावं)

पहिला अली. हात कमरेशी, हनुवटी उघडी, ठोसा आला की डोकं मागं. यातलं काहीही या शेडमध्ये शिकवत नाहीत, आणि पायांचा तो वेग नसलेल्यानं करूही नये. पण प्रतिस्पर्ध्यांचा रकाना बघा : लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन. असा रकाना दुसऱ्या कुठल्याच पानावर नाही, आणि कारकिर्दीतली साडेतीन वर्षं तर बंदीत गेलेली. दुसरा लुई.

तिसऱ्या नावावर बाहेरचे लोक नाक मुरडतात. लॅरी होम्स. त्याचा जॅब सरळ नाकावर जायचा आणि दोरीनं ओढल्यासारखा मागं यायचा. ९ जून १९७८, लास वेगास. डाव्या दंडाचा स्नायू दुखावलेला असताना होम्स केन नॉर्टनशी पूर्ण १५ फेऱ्या लढला. तिन्ही परीक्षकांच्या कागदावर १४३-१४२. दोघांचा कौल होम्सला, एकाचा नॉर्टनला. पुढच्या वर्षी अर्नी शेव्हर्सच्या उजव्यानं सातव्या फेरीत तो आडवा झाला, उठला, आणि ११ व्या फेरीत जिंकला. ४८ लढती तो हरला नव्हता. १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सशी हरला आणि मार्सियानोचा आकडा एका लढतीनं हुकला. सगळे पट्टे, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांचे जगज्जेतेपदाचे किताब, त्यानं कधी एकत्र केले नाहीत, हेही वहीत आहे.

चौथा लेनॉक्स लुईस. मॅकॉल आणि रहमान या ज्या दोघांशी तो हरला, त्या दोघांनाही त्यानं परत गाठून हरवलं. पाचवा जॉर्ज फोरमन. १९७३ मध्ये त्यानं फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, आणि १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी पुन्हा किताब घेतला.

आठवा जो फ्रेझर. त्याचं पान या शेडमध्ये सगळ्यात जास्त उलटलं जातं. लहानपणीच्या दुखापतीमुळं त्याचा डावा हात पुरता सरळ होत नसे. लांब जॅब त्याला जमणारच नव्हता. त्यानं तोच वाकडा हात हूकसाठी, म्हणजे बाजूनं वळून येणाऱ्या ठोशासाठी, वापरला. त्याच्या गोटानं अलीचीही एक सवय हेरली होती : उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायच्या आधी अलीचा उजवा खाली येतो. ८ मार्च १९७१ ला १५ व्या फेरीत त्या फटीतून हूक गेला आणि अली पाठीवर पडला.

अलीला पार्किन्सन्सचं निदान १९८४ मध्ये झालं. १९८२ मध्ये किम डूक-कू या हलक्या वजनाच्या कोरियन मुष्टियोद्ध्याच्या मृत्यूनंतर जगज्जेतेपदाच्या लढतींतल्या १५ फेऱ्यांच्या हळूहळू १२ झाल्या.

(दृश्य : रिंग, डावखुरी मुलगी)

नववा ओलेक्सांद्र उसिक. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये टायसन फ्यूरीला हरवून त्यानं चारही पट्टे एकत्र केले. पण उसिक डावखुरा. त्याचा उजवा हात पुढं असतो. त्याचं नाव लिहिलं त्या दिवशी या मुलीनं फळ्यावरचा 'डावा' पुसून 'पुढचा' लिहिलं. सरांनी तो पुन्हा 'डावा' केला. सध्या दोन्ही शब्द अर्धवट पुसलेले दिसतात.

दहाव्या जागेवर इव्हँडर होलिफिल्ड. १९९६ मध्ये त्यानं टायसनला ११ व्या फेरीत थांबवलं. टायसनचं पोस्टर समोरच्या भिंतीवर आहे, फळ्यावर तो नाही, आणि त्यावरून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं जातात. जॅक डेम्प्सीसाठी कुणी भांडत नाही. त्याच्या पानावर हॅरी विल्सचं नाव लिहिलेलं आहे. त्या काळचा तो बलाढ्य कृष्णवर्णीय आव्हानवीर. त्याच्यापुढचे वय, वजन, फेऱ्या हे सगळे रकाने कोरे आहेत. ती लढत झालीच नाही.