22 नंबरचं पेन

(वेंगुर्ल्यातल्या एका ग्रंथालयाच्या सभागृहात केलेलं भाषण. लिहून काढताना थोडं सावरलं आहे.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्वतः कातलेल्या पेनांचा संग्रह कसा ठेवावा’. पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. मागे चहाचं पातेलं चढलेलं इथून दिसतंय, तेव्हा वेळ पाळायचा प्रयत्न करतो.

हे दोन ट्रे पहिल्या रांगेपासून मागे फिरू देत. दोन्ही मिळून 26 लाकडी पेनं आहेत. हातात घ्या, लिहून बघा, ट्रेबरोबर वही ठेवली आहे. फाउंटन पेनांची टोपणं आट्यांची आहेत, फिरवून काढा, ओढू नका. आणि विचार करताना पेन दातात धरायची ज्यांना सवय आहे, त्यांनी खैराचं घ्यावं. पेनाला काही होणार नाही, दातांचं मी सांगत नाही.

मी मूळचा सावंतवाडीचा. शाळेची वाट चितार आळीतून. तिथली लाकडी फळं, भातुकली, भोवरे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, बऱ्याच जणांच्या घरात असतीलही. मी मात्र दुकानापेक्षा मागच्या पडवीत जास्त रेंगाळायचो, कातारी काम करत बसलेले असायचे तिथे. पांगाऱ्याचा ठोकळा फिरतोय, पटाशी लागली की पांढऱ्या ढलप्या उडतायत, आणि मग रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची. ब्रश नाही, डबा नाही. घासून जी ऊब तयार होते तिनेच लाख वितळते आणि लाकडाला धरते. तो वास अजून नाकात आहे. आज त्या कामाला भौगोलिक मानांकन आहे याचा आनंद आहेच, पण माझ्यापुरतं मानांकन मी आठ वर्षांचा असतानाच देऊन टाकलं होतं.

पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातायचं यंत्र घेतलं, टेबलावर बसेल एवढं. सुरुवातीला वाट्या कातल्या, लाटणी कातली. मग पेनावर आलो आणि तिथेच राहिलो. कारण साधं आहे. वाटीला मोठं लाकूड लागतं. पेनाला पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाड एवढा तुकडा पुरतो. कुणाच्या घराचा वासा बदलला, कुणाची होडी मोडीत निघाली, वहिनींचं जुनं लाटणं तडकलं, तरी त्यातून पेन निघतं. झाड तोडायला लागत नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

काम कसं होतं ते थोडक्यात. साध्या बॉलपेनासाठी तुकड्याचे दोन भाग करायचे, मधोमध सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी नळी एपॉक्सीने चिकटवायची, मग दोन्ही भाग एका दांडीवर चढवून कातायचे. सगळ्यात नाजूक काम भोक पाडण्याचं. घाई केली की ड्रिल तापतं, लाकूड पलीकडच्या तोंडाला फुटतं. दर अर्ध्या इंचाला ड्रिल बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, परत आत. मी हाताने नव्हे, कानाने भोक पाडतो असं घरातले म्हणतात आणि ते खरंच आहे. आवाज बारीक झाला की थांबायचं.

फाउंटन पेनाची गोष्ट वेगळी. त्यात मी पितळी नळी घालत नाही. पुढचा, बोटं धरतात तो भाग आणि आतले आटे एबोनाइटचे करतो. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. कातताना गंधकाचा वास येतो, उन्हात ठेवलं तर काळा रंग हिरवट तपकिरी होतो. आपल्या देशात हाताने पेनं करण्याची परंपरा याच एबोनाइटवर वाढली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गांधीजींनी स्वदेशी वस्तू करायला सांगितलं म्हणून त्यांनी पेनं करायला घेतली आणि 1935 मध्ये त्यांच्या पेनाची पोच गांधीजींनी पत्राने दिली. यावर तासभर बोलता येईल, पण आज नको.

आता माझं मुख्य म्हणणं. लाकूड कातणारी हौशी माणसं चांगली झालेली पेनं वाटून टाकतात आणि तडकलेली, वाकडी घरात ठेवतात. भाच्याला नोकरी लागली, दे पेन. शेजारी मुंबईहून आले, दे पेन. मीही पहिली चार वर्षं हेच केलं. देण्याचा आनंद मोठा असतो, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण प्रत्येक लाकडाचं, आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं पेन आपल्याकडेच राहिलं पाहिजे. लोक विचारतात, एवढी पेनं ठेवून करता काय? त्याचं उत्तर द्यायला मला फणसाची गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या आजोळी आडाजवळ एक फणस होता. बरक्याचा. आजोबांनी लावलेला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं त्या रात्री तो पडला. तुम्हाला ती रात्र सांगायला नको, इथे प्रत्येकाच्या घरचं काही ना काही त्या रात्री पडलंय. टाळेबंदीचे दिवस, माणसं मिळेनात, झाड तसंच वाटेत आडवं. मामांनी ठरवलं की फांद्या सरपणाला जाऊ देत. मामी मला फोनवर म्हणाली, “झिला, बुंधो तेवढो चुलीत जाता नये हां.” एवढंच बोलली आणि फोन ठेवला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती त्या झाडाखाली भांडी घासत होती.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा बुंध्याचे तुकडे करून पडवीत रचले होते. एक तुकडा उभा चिरला. आत हळदीसारखा पिवळा गाभा. ज्यांनी ताजं चिरलेलं फणसाचं लाकूड पाहिलं नाही त्यांना तो पिवळेपणा सांगून कळणार नाही. बौद्ध भिक्षूंची चिवरं याच लाकडाच्या रंगात रंगवतात, तो हा रंग. तंजावरची वीणाही फणसाच्याच लाकडाची.

मी अधीर झालो. दोन महिन्यांत, भर पावसात, त्यातून चार पेनं केली. पितळी नळ्या घातलेली बॉलपेनं. सुरेख दिसत होती. पुतणी पुण्याला असते, तिला एक दिलं. ऑक्टोबरात तिचा फोटो आला, पेन वरपासून खालपर्यंत उभं चिरलेलं. काय झालं होतं? वर्गात नकाशासमोर उभा राहून मी तीस वर्षं जे शिकवलं तेच. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पावसाळ्यात हवा इतकी ओली की लाकडात वजनाच्या वीस टक्क्यांजवळ पाणी राहतं. तेच पेन पुण्यात एसी लावलेल्या ऑफिसात गेलं की लाकूड नऊ-दहा टक्क्यांवर येतं. लाकूड आकसतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. आणि आत पितळेची नळी, ती हटत नाही. मग लाकडाने करायचं काय? ते फुटलं. पेन फुटलं म्हणून मला वाईट वाटलं, पण जास्त वाईट याचं वाटलं की आजोबांच्या झाडाचं लाकूड मी घाईने वापरलं होतं.

उरलेले तुकडे मी माळ्यावर चढवले, चुलीच्या बरोबर वर. आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. नांगराचं लाकूड, मुसळाचं लाकूड धुरावर ठेवायचे. प्रत्येक तुकड्यावर तारीख घातली. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि तुकड्यावरच पेन्सिलने लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. दीड वर्ष लागलं. आणि मग त्यातून झालं ते 22 नंबरचं पेन.

त्याचं वर्णन करू द्या. फाउंटन पेन, टोपण लावून साडेपाच इंच, क्लिप नाही. पोट किंचित फुगीर, शेवग्याच्या शेंगेला असतं तेवढंच. निब जर्मनीहून मागवलेली, स्टीलची. वर सुपरग्लूचा काचेसारखा थर दिला नाही, नुसतं तेल आणि मेण, म्हणजे लाकडाला हवा-उजेड लागत राहील. टोपणाच्या कडेला एक बारीक लाखेची रेघ, लाल. ती मी आळीत पाहिली होती तशीच लावली, फिरत्या लाकडावर कांडी टेकवून, आणि वरून केवड्याचं पान फिरवून चकाकी आणली. टोपण बंद केलं की टोपणाच्या रेषा अंगाच्या रेषांना बरोबर जुळायच्या. आटे असे कापायचे की फिरणं संपतं तिथेच रेषा जुळली पाहिजे. तीन टोपणं वाया गेली, चौथं बसलं. केलं तेव्हा ते हळदीच्या रंगाचं होतं. आठ महिन्यांनी मधासारखं झालं. मी दर महिन्याला खिडकीजवळ ठेवून बघायचो आणि वहीत नोंद करायचो. मामीला दाखवलं, तिने ते हातात घेऊन बराच वेळ फिरवलं आणि नाकाजवळ नेलं.

एका संस्थेने कार्यक्रमासाठी माझी पेनं प्रदर्शनाला मागितली. नाव घेत नाही. मी 30 पेनं नेली, टेबल मांडलं, चिठ्ठ्या लावल्या. कार्यक्रम सुरू झाला आणि प्रमुख पाहुण्यांना द्यायची भेटवस्तू आणायची राहून गेलीय हे ऐन वेळी लक्षात आलं. शाल होती, श्रीफळ होतं, वस्तू नव्हती. मी मागे पाणी प्यायला गेलो होतो. परत येतो तर मंचावर पाहुण्यांच्या हातात 22 नंबर. टाळ्या चालू आहेत. टेबलावर चिठ्ठी तेवढी उरलेली.

भर सभेत मी काय बोलणार? नंतर विचारलं तर उत्तर मिळालं, “तुम्ही काय, दुसरं कराल!” मंडळी, या चार शब्दांचा मला राग आहे आणि तो गेलेला नाही. दुसरं करता येतं. फणस दुसरा नाही. आणि नुसता तोही प्रश्न नाही. पेन कातून झालं की आपलं काम संपतं, लाकडाचं संपत नाही. ते गडद होतं, हलतं, कुठे बारीक भेग देतं, हाताच्या घामाने मऊ होतं. हे पाच-दहा वर्षांनी कळतं आणि आपल्याजवळ असलेलं पेनच ते सांगतं. दिलेलं पेन सांगत नाही.

घंटा वाजली वाटतं. पाच मिनिटं? बरं. संग्रह कसा ठेवावा ते राहिलंच आहे, भराभर सांगतो.

नंबर पेनावर घालू नका, वहीत घाला आणि पेनाच्या पिशवीत चिठ्ठी ठेवा. वहीत लाकूड, झाड कुठलं, कधी पडलं किंवा कुठून काढलं, सुकवताना पहिलं आणि शेवटचं वजन, वर काय लावलं, आणि दरवर्षी एक ओळ. प्रत्येक लाकडाचं एकच पेन ठेवा, पण चांगलं. बिघडलेली पेनं ठेवायची असतील तर का बिघडली ते लिहून ठेवा, नाहीतर ती अडगळ होते.

माडाचं ज्यांच्या हातात आहे त्यांनी बघा, त्यावर काळे ठिपके आणि रेघा आहेत. माडाला आपल्या आंब्या-फणसासारखी वर्षाची वलयं नसतात. नुसते धागे, बाहेरून कडक आणि आत भुसभुशीत. बाहेरचाच भाग घ्यायचा, आधी पातळ सुपरग्लू मुरवायचा, नाहीतर पटाशी धागे उपटते.

पावसाळ्यात बंद डब्यात ठेवू नका. बुरशी धरते. सुती पिशव्या, उघडी मांडणी, खोलीत एक छोटा दिवा. खारा वारा पितळेला हिरवं करतो, क्लिपवर मेणाचा हात वर्षातून दोनदा. फाउंटन पेनं शाई भरून पडू देऊ नका, साध्या पाण्याने धुवा, गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग जातो. आणि वापरा. मी दर आठवड्याला दोन पेनं पाळीने घेतो. न वापरलेल्या पेनाबद्दल वहीत लिहायला काही मिळत नाही.

संपवतो. ट्रे मागून पुढे येऊ देत, 26 मोजून घेतो.

एक विनंती मात्र आहे. ते पाहुणे याच भागातले होते असं मला नंतर कळलं. इथे कुणाच्या ओळखीत असतील, तर त्यांच्यापर्यंत निरोप पोचवा. पेन परत मागणार नाही, ते त्यांचं झालं. निब अडत असेल तर करून देईन. फक्त एकदा पाच मिनिटांसाठी आणा, खिडकीशी नेऊन बघेन. वहीत आठव्या महिन्यानंतरची ओळ कोरी आहे.