रायफल हातात आली की हात संपतात

मागचे पण पुढे या, माईक बंद आहे. आज रायफलवर बोलायचंय, म्हणजे ड्युटीवरच्या आर्म्ड गार्डवर जीव वाचवायला रायफल चालवायची वेळ आलीच तर काय काय होतं त्यावर. नेम धरायला रेंजवर शिकवतातच, मी बाकीचं सांगतो.

रायफल पिस्तुलापेक्षा भारी, यात वादच नाही. 9 मिमीची गोळी साधारण 8 ग्रॅमची, सेकंदाला 350-360 मीटर जाते. रायफलची 5.56 मिमीची गोळी निम्म्या वजनाची पण वेग 900 च्या आसपास, म्हणजे ताकद जवळपास तिप्पट. शिवाय रायफल खांद्याला टेकलेली, गाल लागलेला, त्यामुळे हात थरथरत असले तरी पिस्तुलापेक्षा बरी लागते. पण गार्डचा सगळा दिवस दुसऱ्याच कामात जातो ना, दार उघडा, वॉकीटॉकीवर बोला, पडलेल्या माणसाला ओढून बाजूला घ्या, आणि रायफलला दोन हात लागतात! पिस्तूल होल्स्टरमध्ये जातं, रायफल कुठे ठेवणार, म्हणून स्लिंग, म्हणजे गळ्यात अडकवायचा पट्टा, हवीच, आणि ती लावून पळायची सवयही हवी. काही ठिकाणी तर रायफल गाडीत लॉक करून ठेवतात, म्हणजे लागेल तेव्हा ती पार्किंगमध्ये आणि तुम्ही आत.

आता हे नीट बघा. एआर टाइपच्या, म्हणजे एआर-15 सारख्या, रायफलमध्ये साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नळीच्या साधारण साडेसहा सेंटीमीटर वर असते. मागच्या बॅचला प्लायवूडच्या आडोशामागून मारायला लावलं होतं, एका पोराला रेड डॉटमधून, म्हणजे लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटमधून, टार्गेट एकदम क्लिअर दिसत होतं, त्याने ट्रिगर दाबला आणि गोळी समोरच्या प्लायवूडच्याच कडेतून आरपार, टार्गेट कोरं. डोळा कडेच्या वर होता, नळी खाली होती, बस. तो तीनदा म्हणाला सर मला स्वच्छ दिसत होतं, अरे दिसणारच. पाच मीटरवर तर आडोसा नसला तरी गोळी डॉटच्या पाचेक सेंटीमीटर खाली लागते, ओलीस धरलेल्याच्या खांद्यावरून मारायचं म्हटलं की हे पाच सेंटीमीटर खूप झाले.

भिंतींचं तर विचारूच नका, जिप्समच्या पार्टिशनला लोक भिंत समजतात. हलकी रायफलची गोळी त्यात कधी गडबडून फुटते हे खरं, पण चुकलेली गोळी पलीकडच्या खोलीत कोण बसलंय ते विचारत नाही. आणि बंद खोलीत आवाज 150 डेसिबलच्या वर जातो, नंतर कोणी हाक मारली तरी ऐकू येईलच असं नाही.

आणि ऐकू येणं नेमकं तेव्हाच लागतं, कारण पोलीस येतात. त्यांना फोनवर एवढंच कळलेलं असतं की आत बंदूकवाला माणूस आहे, आणि आत शिरल्यावर पहिला दिसतो तो रायफल घेतलेला तुम्ही. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेत, इलिनॉयमधल्या रॉबिन्सला, एका बारच्या गार्डने गोळीबारानंतर एका संशयिताला धरून ठेवलं होतं, आलेल्या पोलिसाने त्या गार्डलाच गोळी घातली, गेला तो. तिथले लोक ओरडून सांगत होते की हा सिक्युरिटीचा आहे.

म्हणून मी ड्रिलमध्ये शेवटच्या गोळीनंतर घड्याळ थांबवत नाही. बोट ट्रिगरवरून बाहेर, आजूबाजूला नजर, सेफ्टी म्हणजे ट्रिगर अडवणारा खटका लावायचा, रायफल स्लिंगवर सोडून नळी जमिनीकडे आणि रिकामे हात वर, पोलीस आत यायच्या आधी. ते ओरडतील तेव्हा वळून बघायचं नाही, कारण तुम्ही वळलात की नळी पण वळते.