पिंपाच्या तळाचं मांस

१४ डिसेंबर १८९५. बेल्जियममधलं एलझेल हे खेडं. ८७ वर्षांच्या एका गावकऱ्याला अखेरचा निरोप देऊन गावच्या बँडचे वादक खानावळीत जेवायला बसले. पानात होती खारवून धुरी दिलेली डुकराची मांडी. ती न शिजवताच खायची, अशी तिथली रीत.

एक-दोन दिवसांत एकेकाला एकाच्या जागी दोन-दोन माणसं दिसू लागली. बाहुल्या विस्फारल्या, पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, घोट गिळवेना. आठवडाभरात तिघं दगावले.

तपास आला बेल्जियममधल्याच गेन्ट विद्यापीठाचे प्राध्यापक एमिल व्हान एरमेंगेम यांच्याकडे. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. त्यांनी नुसतं उरलेलं मांस तपासलं नाही, तर ते ठेवलं कसं होतं याचीही चौकशी केली. डुक्कर निरोगी होतं आणि त्याचं बाकीचं मांस खाऊन कुणाला काही झालं नव्हतं. मग ही एकच मांडी विषारी कशी? ती पिंपाच्या तळाशी, मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडालेली होती. तिथे हवा पोचत नव्हती आणि पाण्यात मीठही पुरेसं नव्हतं. मला या सगळ्या हकिगतीत ‘ही एकच मांडी का?’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रोगाचं मर्म त्यातच होतं.

त्या मांसातून आणि एका मृताच्या प्लीहेतून त्यांनी एकच जिवाणू वेगळा काढला. १८९७ साली त्याचं सविस्तर वर्णन छापलं. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात आणि त्याच्या विषबाधेला बोट्युलिझम.

हा जिवाणू मातीतला. प्रतिकूल काळात तो टणक कवचाच्या बीजाणूत दडून राहतो. पाणी उकळलं तरी बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे हवाबंद, कमी आंबट अन्न मिळालं की ते रुजतात आणि विष तयार होतं. लिंबू-कैरीच्या आंबट लोणच्यात त्यांचं काही चालत नाही. पण तेलात बुडवून दिवसच्या दिवस फ्रिजबाहेर ठेवलेली लसूण धोक्याची.

हे विष मज्जातंतूंच्या टोकाशी जाऊन तिथलं एक प्रथिन कापतं. स्नायूला आकुंचन पाव म्हणून सांगणारं रसायन मग बाहेरच पडत नाही. लुळेपणा डोळ्यांपासून सुरू होतो, गळ्यात, हातांत आणि शेवटी छातीत उतरतो. शुद्ध मात्र शाबूत असते. घरच्यांची हाक रुग्णाला ऐकू येते, पण पापणी उचलत नाही. प्रतिविष वेळेत दिलं तर रक्तात फिरणारं विष निकामी होतं. मज्जातंतूत शिरलेलं मात्र परतवता येत नाही. तिथे नवी टोकं फुटेपर्यंत, कधी महिनोन् महिने, व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवावा लागतो.

तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या आतड्यात बीजाणू थेट रुजू शकतात आणि मधात ते असू शकतात. १९७६ साली कॅलिफोर्नियात हा प्रकार ओळखला गेला. आपल्याकडे बाळ जन्मलं की हौसेनं मध चाटवतात, घुटीतही घालतात. पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचं बोटही नको. बाळाला शौचाला होईना, रडणं क्षीण झालं, दूध ओढवेना, मान लुळी पडली, तर तडक बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं. मध चाटवला असेल तर तेही न लपवता सांगायचं.